मॉलमधल्या मोठ्या दुकानातून फळझाडं घ्यावीत का? (हापूस, चिकू, लिंबू, सफरचंद वगैरे)

गोकर्ण_मुलुंड
मंडळी सल्ला हवाय. आमच्या सोसायटीने मागच्या कंपाउंड वॉलच्या कडेला दोन-तीन फळझाडं लावायची परवानगी दिलीय (कमिटीत आमचेच हे आहेत, त्यामुळे फार चपला झिजवाव्या लागल्या नाहीत) आणि गच्चीत ड्रममध्येही काहीबाही लावायचं मनात आहे. घराजवळच्या मॉलमधलं जे मोठं दुकान आहे, गाद्या-उशा-कुकरपासून सगळं मिळतं तिथे, त्यांनी पाऊस सुरू झाल्याझाल्या बाहेरच्या बाजूला फळझाडांचा कोपरा उघडलाय. हापूस, 'बारमाही आंबा', चिकू, लिंबू, डाळिंब, लिची आणि चक्क सफरचंद. प्रत्येकाला फळाचा झकास फोटो असलेलं कार्ड लटकवलंय, चारशे ते नऊशे रुपये भाव, दोन घेतली तर तिसऱ्यावर सूट. सासूबाईंना हापूसच हवाय, लेकाला सफरचंद. मला जे जगेल आणि फळेल ते हवंय. तिथला मुलगा "मॅडम सगळं कलमीच आहे" एवढंच सांगतो. घेऊ का? घेताना काय बघायचं?

आगाऊ_बोका
सफरचंद घ्याच. मुलुंड चेकनाक्यावर बर्फ पडला की फळ धरेल. हलके घ्या.

दापोलीकर_काका
ताई, दुकान मोठं की छोटं हा प्रश्न बाजूला ठेवा, आधी कलम ओळखायला शिका, मग कुठूनही घ्या.

हापूसची कोय लावून हापूस येत नाही. रोप उगवतं, झाड होतं, पण फळ आईसारखं निघेल याची खात्री नाही, बहुतेक वेळा रायवळच, म्हणजे साधा गावठी आंबा. म्हणून रायवळ कोयीचं रोप वाढवायचं, तो झाला खुंट, आणि त्याच्यावर चांगल्या हापूसच्या झाडाची काडी बसवायची. आमच्याकडे कोकणात बहुतेक कोय कलमच करतात, कोय रुजून तांबूस कोवळा कोंब आला की लगेच. तर तुम्ही दुकानात गेलात की कार्डावरचा फोटो बघूच नका. खाली वाकायचं आणि खोडाचा मातीपासून वरचा वीतभर भाग बघायचा. तिथे जोड दिसलाच पाहिजे. तिरका व्रण असतो, खालची साल आणि वरची साल जरा वेगळी दिसते, बऱ्याचदा प्लास्टिकची पट्टी अजून गुंडाळलेली असते. खोड खालपासून वरपर्यंत एकसारखं सरळ असेल तर ते बियांचं रोप आहे, कार्डावर काहीही लिहिलेलं असो.

आता महत्त्वाचं. जोड दिसला म्हणून खूश होऊ नका. पानं जोडाच्या वर आहेत का खाली ते बघा. मागे पुतण्याबरोबर असल्याच एका दुकानात गेलो होतो, तिथे हापूसची कुंडी म्हणून जी होती तिची वरची काडी काडेपेटीतल्या काडीएवढी वाळून काळी पडलेली आणि जोडाच्या खालून दोन फुटवे जोरात वर आलेले, हिरवीगार पानं, लांबून बघितलं तर सगळ्या रांगेत तीच कुंडी सगळ्यात तरतरीत! पुतण्या तीच उचलत होता. ते शंभर टक्के रायवळ. नर्सरीत माळी असले फुटवे रोजच्या रोज खुडतो, दुकानात पाणी घालणारा मुलगा कशाला खुडेल, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, त्याच्या दृष्टीने झाड हिरवं आहे म्हणजे ठीक आहे.

आणि जमलं तर नुसता हापूस धरून बसू नका. दापोलीच्या विद्यापीठाने १९८१ मध्ये रत्ना दिला, नीलम आणि हापूसचा संकर, त्यात साका (गरात होणारा पांढरट स्पंजासारखा भाग) होत नाही आणि दरवर्षी धरतो. १९९२ चा सिंधू आहे, बाठ अगदी पातळ. हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष रुसतो, सोसायटीत एकच झाड असेल तर रुसलेलं वर्ष फार लांब वाटतं.

चाफेकळी
काकांना अनुमोदन. ते फुटव्यांचं तर मी आमच्या कॉलनीत दोन झाडांच्या बाबतीत बघितलंय, लोक वर्षानुवर्षं "हापूस" म्हणून पाणी घालत असतात.

हिशेबी_माणूस
मी जरा उलट बाजू मांडतो. सगळे मॉलला नावं ठेवतायत पण रस्त्याकडेच्या नर्सऱ्या काय साधुसंत आहेत का? घोडबंदर रोडला नाहीतर आरेत गाडी थांबवा, तो माणूस तुमची गाडी बघून भाव सांगतो आणि तुम्ही ज्या फळाचं नाव घ्याल ते त्याच्याकडे असतंच, समोरचंच रोप उचलून देतो. मॉलमध्ये निदान भाव लिहिलेला असतो, बिल मिळतं, तक्रार करायला काउंटर असतो. पार्किंग असतं. मला तरी बिल असलेला व्यवहार बरा वाटतो. हे माझं वैयक्तिक मत.

वसईवाला
@हिशेबी, बिल मिळतं हे खरं पण त्या बिलावर काय लिहिलेलं असतं ते वाचलंयत का कधी? 'लाइव्ह प्लांट मँगो', एवढंच. जात नाही, खुंट नाही, कुठल्या नर्सरीतून आलं ते नाही. आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'झाडं परत घेतली जाणार नाहीत'.

महाराष्ट्रात १९६९ पासून फळरोपवाटिकांचा कायदा आहे, फळझाडांची कलमं करून विकणाऱ्या नर्सरीला कृषी खात्याचा परवाना लागतो, काड्या कुठल्या मातृवृक्षाच्या घेतल्या त्याची नोंद ठेवावी लागते. शासनमान्य रोपवाटिका अशी पाटी बघता ना ती हीच. तर रस्त्याकडेचा असो की मॉलवाला असो, प्रश्न एकच विचारायचा, हे कलम कुणी बांधलं? परवाना नंबर असलेल्या नर्सरीचं नाव सांगता आलं तर पुढे बोला. आमच्याकडे वसई-विरार-पालघर पट्ट्यात आणि तिकडे बदलापूर-कर्जतला असे लोक आहेत जे तुम्हाला मागच्या वाडीत नेऊन मातृवृक्षसुद्धा दाखवतील. गप्पा मारत बसतील ते वेगळं, अर्धा दिवस काढून जा.

चिकूचं सांगतो कारण तो आमचा विषय. कालीपत्ती जात घ्यायची आणि ती रायणीच्या खुंटावर बांधलेली घ्यायची. रायण अत्यंत हळू वाढते, म्हणून ते कलम तयार व्हायला वेळ लागतो आणि त्यामुळे ते कधीच फार स्वस्त मिळत नाही. डहाणू-घोलवडच्या जुन्या वाड्या, ज्यांच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्या याच खुंटावर उभ्या आहेत. मॉलमध्ये चारशेला चिकू असेल तर विचारा खुंट कसला. तो मुलगा 'खुंट' ऐकून मॅनेजरला बोलावेल, मॅनेजर तुमच्याकडे बघून हसेल.

गोकर्ण_मुलुंड
बापरे, इतकं असतं होय यात! काका आणि वसईवाले दादा, खूप आभार. आज संध्याकाळी दळण आणायला गेले होते तर मुद्दाम वाट वाकडी करून बघून आले. हापूसच्या कुंड्यांपैकी बऱ्याच कुंड्यांना जोड आहे, पट्टीपण आहे. 'बारमाही'ला मात्र मला कुठेच काही दिसलं नाही. आता पुढचा प्रश्न, लिंबाच्या एका झाडाला चक्क सात-आठ लिंबं लागलीयेत. म्हणजे ते तर नक्की चांगलं ना? फळच दिसतंय डोळ्यांनी.

चाफेकळी
ताई, फळ लागलेलं झाड हा दुकानवाल्यांचा सगळ्यात आवडता माल. असं झाड बहुतेक गुटी कलमाचं असतं. म्हणजे मोठ्या फळत्या झाडाच्या फांदीवर साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ बांधतात, मुळं फुटली की फांदी कापून पिशवीत. फांदी मुळात वयात आलेली असते त्यामुळे ती वीतभर उंचीची असली तरी फुलते. लबाडी नाहीये त्यात, लिंबू-पेरू-डाळिंबाची गुटी सगळीकडेच करतात. पण सोटमूळ नसतं, मुळं थोडी आणि वरवरची, त्यात सात-आठ लिंबं पोसायची म्हणजे झाडाचा जीव जातो. आणलंत तर पहिलं काम, सगळी लिंबं तोडून सरबत करा. खरंच. आधी मुळं धरू देत.

आणि लिंबाची पानं उलटी करून बघा. पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा असतील तर नागअळी आहे. पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही पानावर बसलेलं दिसलं तर ती फुलपाखराची अळी, दोन दिवसांत छोटं झाड बोडकं करते. या दोन्ही गोष्टी मुंबईत लिंबाला कधी ना कधी येणारच, पण विकत घेऊन यायची गरज नाही.

कुंडीचं बूड पण बघा. खालच्या भोकातून जाड मुळं बाहेर येऊन गोल फिरली असतील तर ते झाड त्या कुंडीत कधीचं अडकलंय. दुकानात कुणी कुंडी उपटू देत नाही, पण उचलून खालून बघायला कुणाची हरकत नसते.

मातीचा_माणूस
माती! माती कुणी बोललंच नाही अजून.

मुंबईतल्या दुकानांत आणि बऱ्याच नर्सऱ्यांतसुद्धा जो माल येतो त्यातला कितीतरी आंध्रातल्या कडियमहून येतो, राजमहेंद्रीजवळ. तिकडे गावंच्या गावं नर्सरीवर चालतात, ट्रक भरून देशभर जातात. काम चांगलं करतात लोक, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण प्रवासात मुळांचा गोळा फुटू नये म्हणून ती चिकट माती घट्ट थापलेली असते. ती माती ओली असताना चिखल आणि सुकली की वीट. तुम्ही तो गोळा तसाच आपल्या भुसभुशीत मातीत ठेवलात की वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं, आत मुळं कोरडी, नाहीतर मग पावसाळ्यात आत पाणी धरून मुळं कुजतात. लोक म्हणतात रोज पाणी घालते तरी सुकलं. दुसरा प्रकार म्हणजे नुसतं कोकोपीट, कुंडी हलकी लागते उचलायला, गिऱ्हाईक खूश, पण त्यात खायला काही नसतं.

उपाय: आणल्यावर लगेच लावू नका. दुकानात झाड सावलीत नाहीतर एसीच्या झोतात असतं, आठवडाभर अर्ध्या उन्हात ठेवा. मग गोळा बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि बाहेरची माती बोटांनी अलगद सैल करा. लिंबू-पेरू हे सहन करतात. आंब्याच्या कलमाला मात्र मुळं दुखावलेली चालत नाहीत, तिथे फक्त वरवरचा थर खरवडा आणि गोळा फुटू देऊ नका.

एडिसनची_सई
इथे न्यू जर्सीत बसून वाचतेय, मजा येतेय. इथे मोठ्या स्टोअरमधून फळझाडं घेणं अगदी कॉमन आहे, मार्च-एप्रिलमध्ये सफरचंद, पेअर, पीच, चेरी यांच्या रांगा लागतात, काही तर बिनमातीची, नुसती मुळं ओल्या भुश्यात गुंडाळून. फरक दोन आहेत. एक, इथे प्रत्येक झाडाच्या पट्टीवर झोन छापलेला असतो, म्हणजे तुमच्याकडच्या थंडीत हे तगेल का ते घेण्याआधीच कळतं, परागीकरणाला दुसऱ्या जातीचं झाड लागेल का तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं, कारण सफरचंद बहुतेक वेळा एकटं फळत नाही. दोन, होम डेपोसारखी दुकानं झाडांना वर्षभराची गॅरंटी देतात, मेलं तर पावती घेऊन जायचं. त्यामुळे माझा नवरा निर्धास्तपणे झाडं मारत असतो.

पण मूळ रोग इथेही तोच. खरेदी वरून एका ठिकाणी होते आणि तोच माल सगळ्या शाखांना जातो. म्हणून थंडीच्या हिशेबाने आपल्याकडे न चालणारी जातसुद्धा रांगेत दिसते. इथले जुने बागवाले सांगतात की जात आधी घरी बसून ठरवा आणि मग दुकानात जा, आणि ट्रक आल्याआल्या घ्या, महिनाभर डांबरी पार्किंगमध्ये तापलेलं झाड सेलमध्ये घेऊ नका.

दापोलीकर_काका
सईताईंचा मुद्दा नेमका आहे. मुलुंडच्या दुकानात आणि नागपूरच्या दुकानात तोच ट्रक उतरतो. तिकडे संत्रं चालेल, इकडे दमट हवेत नाही. डाळिंब घ्या उदाहरणार्थ. भगवा ही जात म्हणजे सोलापूर-नाशिकच्या कोरड्या हवेतलं पीक, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रसुद्धा सोलापूरला काढलं ते उगाच नाही. मुंबईत दोन-सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस, त्यात डाळिंबावर डाग येणार, फळ तडकणार. शोभेला लावा, फुलं सुंदर असतात.

आता सफरचंद, लेकासाठी. सफरचंदाला हिवाळ्यात ठरावीक तास गारठा लागतो, साधारण ७ अंशाच्या खाली, नेहमीच्या जातींना असे हजारभर तास लागतात. तेवढा गारठा मिळाला नाही तर झाड नीट जागं होत नाही, फुलत नाही. मुंबईचा नोंदीतला नीचांक सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश. म्हणजे नोंदीतल्या सगळ्यात गार रात्रीसुद्धा ७ च्या खाली गेलो नाही आपण! हिमाचलच्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ नावाची जात शोधली, ती खरी आहे, त्यांना पद्मश्रीही मिळालं. पण तुमच्या दुकानातल्या कार्डावर फक्त 'अॅपल' आहे ना? मग ते काय आहे देव जाणे.

आगाऊ_बोका
म्हणजे माझा बर्फाचा सल्ला शास्त्रीय निघाला. नोंद घ्यावी.

नवीन_पालवी
मी पहिल्यांदाच लिहितेय इथे. लिचीबद्दल कुणी बोलेल का? मुंबईत लिची होतच नाही असं ऐकलंय.

वसईवाला
होतच नाही असं नाही. घोलवड-डहाणूकडे चिकूच्या वाड्यांत लिचीची झाडं आहेत आणि उन्हाळ्यात फळ विकायलाही येतं. पण ती मोठी जुनी झाडं, मोकळी जागा, समुद्राची हवा. मुलुंडला भिंतीच्या कडेला किंवा ड्रममध्ये लिची म्हणजे पानं बघत बसायचं. पैसे असतील तर हौस करा.

फणसाचा_गरा
त्या 'बारमाही'सारखंच हल्ली मियाझाकीचं खूळ आहे. जांभळट लाल आंबा, लाखात किंमत वगैरे फॉरवर्ड येतात ना. ती जात म्हणजे आयर्विन, मूळ फ्लोरिडाची. जपानमधल्या मियाझाकी प्रांतात काचघरात वाढवतात आणि त्यातलं ठरावीक वजनाचं, ठरावीक गोडीचं, निर्दोष फळ तेवढं निवडून 'तायो नो तामागो' या ब्रँडखाली विकतात. किंमत त्या निवडीला आहे. तुमच्या गच्चीतल्या झाडाला कुणी लिलावात बसवणार नाही. आमच्या ओळखीत एकाने हजारो रुपये मोजून ऑनलाइन मागवलं, आलं ते रोप बघून माळी म्हणाला साहेब हे तर आपलं रायवळ वाटतंय.

हिशेबी_माणूस
ठीक आहे, ठीक आहे, मी हरलो नाहीये अजून. समजा दुकानाने हापूस म्हणून रायवळ दिलं, तर ग्राहक तक्रार होऊ शकते ना? १९१५ वर फोन करायचा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यासाठीच तर बिल.

दीड_शहाणी_दादर
होऊ शकते की. पण कधी करणार? आंब्याचं कलम लावलं तर पहिली तीन वर्षं मोहोर खुडायचा, नीट फळ बघायला चार-पाच वर्षं. आणि तुमचं ते बिल थर्मल कागदावरचं, दोन पावसाळ्यांत कोरं पांढरं होतं. गादी फाटली तर त्याच दिवशी कळतं, चुकीची जात कळेपर्यंत ते दुकानच मॉलमधून गेलेलं असतं, तिथे ट्रॅम्पोलिन पार्क येतं. माझा मॉलबद्दलचा आक्षेप एवढाच आहे. कुकरला चालणारी त्यांची सगळी पद्धत, बिल, काउंटर, सात दिवसांत बदली, ही ज्या मालाचा दोष पाच वर्षांनी कळतो त्याला लागूच पडत नाही. तिथे तुम्हाला असा माणूस लागतो जो पाच वर्षांनी त्याच जागी बसलेला असेल.

तरी घ्यायचंच असेल तर बिलाचा आणि झाडाच्या कार्डाचा, जोडाचा, सगळ्याचा फोटो काढून ठेवा. बिलावर जातीचं नाव लिहून मागा. नाही म्हणाले तर तेही उत्तरच आहे.

हिशेबी_माणूस
ट्रॅम्पोलिन पार्क, हा हा. बरं, हे मान्य.

गच्चीतला_शेतकरी
पपई राहिली. पपईचं एकच रोप दुकानातून कधीही घेऊ नका, बऱ्याच जातींत नर-मादी झाडं वेगळी असतात आणि रोपावरून ओळखता येत नाही. फुलं आल्यावर लांब देठावर नुसते तुरे लटकले की समजायचं नर. रेड लेडी जातीला ही भानगड नाही पण त्या कार्डावर खरंच रेड लेडी आहे का, परत तेच रडगाणं.

गच्चीसाठी माझं मत: २०० लिटरचा ड्रम ओल्या मातीने भरला की तीनशे किलोच्या आसपास जातो. स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खाली बीम किंवा कॉलम आहे तिथे ठेवा, आणि ड्रमखाली विटा, म्हणजे गळती लागली तर दिसेल. गच्चीखालच्या मजल्यावरचे शेजारी आयुष्यभर बोलणार नाहीत नाहीतर. ड्रममध्ये लिंबू, पेरू, तुती, बार्बाडोस चेरी, करंबळ हे मुंबईच्या हवेत छान होतं. पेरूत सरदार घ्या, त्यालाच लखनौ ४९ म्हणतात, नाव लखनौचं पण निवड पुण्यात गणेशखिंडच्या बागेतली. आंबा ड्रममध्ये हवाच तर आम्रपाली, ती ठेंगणी राहते.

यातलं लिंबू, तुती, पेरू मॉलमधून घेतलंत तरी फार बिघडत नाही, जात थोडी इकडेतिकडे झाली तरी फळ मिळतं आणि वर्षा-दोन वर्षांत काय ते कळतं. आंबा, चिकू, नारळ, जिथे वाट बघायचीय, तिथे मॉल नको.

चाफेकळी
वरचा शेवटचा परिच्छेद वाचनखूण म्हणून साठवलाय.

गोकर्ण_मुलुंड
अपडेट: चाफेकळीने सांगितल्याप्रमाणे बूड, पानं सगळं उलटंपालटं करून दुकानातून एक लिंबू आणलं, फळ नसलेलं, त्यामुळे कुणी घेत नव्हतं आणि भाव पण कमी करून मिळाला. लेकाला तुती दाखवली, काळी पिकलेली फळं त्याने तिथेच खाल्ली आणि सफरचंद विसरला. आंबा आणि चिकूसाठी बदलापूर नाहीतर वसई. सासूबाई म्हणतायत हापूसच, त्यामुळे रत्नाचा विषय मी अजून काढलेला नाही, आडून आडून बोलतेय. दोन प्रश्न उरलेत. भिंतीपासून किती लांब लावायचं? आणि सोसायटीत एक जण म्हणतो उद्या झाड वाढलं की तोडता येणार नाही, बीएमसी दंड करेल, हे खरं का?

दापोलीकर_काका
भिंतीपासून निदान बारा-पंधरा फूट तरी आंब्याला द्या, बागेत आम्ही दोन झाडांत दहा मीटर सोडतो त्या मानाने हे काहीच नाही. तेवढी जागा नसेल तर आंबा एकच लावा आणि दरवर्षी छाटून आटोक्यात ठेवा. चिकू जरा जवळ चालेल. खड्डा मोठा घ्या, शेणखत आणि माती भरून जमिनीपेक्षा थोडा उंचवटा करा, मुलुंडच्या पावसात सपाट खड्डा म्हणजे डबकं. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, लावून झाल्यावर शेजारी काठी रोवून सैल बांधा. जोडाची पट्टी नवीन फूट नीट आल्यावर ब्लेडने उभी कापून काढा. हे लोक विसरतात, खोड जाड होतं आणि पट्टी आत रुतते, मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाऱ्यात बरोब्बर तिथेच मोडतं.

दीड_शहाणी_दादर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आपल्याच कंपाउंडातलं आणि आपणच लावलेलं असलं तरी. मोठ्या छाटणीलाही आधी वॉर्डातल्या उद्यान विभागाकडे अर्ज करायचा. म्हणून तर जागा आत्ताच नीट ठरवा. ड्रेनेजच्या लाइनीवर नको, पार्किंगवर नको. आणि हे कमिटीच्या मीटिंगमध्ये लिहून घ्या, पुढची कमिटी तुमच्या ह्यांची नसेल.

गोकर्ण_मुलुंड
हे शेवटचं वाक्य ह्यांना वाचून दाखवलं, गप्प झालेत. बरं, बदलापूरला रविवारी जायचं ठरतंय. कलमं लोकलने आणता येतील का हो? गाडी सर्व्हिसिंगला आहे.

वसईवाला
वसईला आला असतात तर दादरचा पूल कलमं घेऊन चढावा लागला असता, त्यापेक्षा बदलापूरच बरं, थेट गाडी. मुलुंडला थांबणारी बघून घ्या. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी तपासा. लगेजच्या डब्यात चढा, कलमं उभी ठेवा, शेंड्यांना जुना ओला टॉवेल सैल गुंडाळा म्हणजे वाऱ्याने पानं झोडपत नाहीत. आणि दोन हातांना दोनच न्या, तिथे गेल्यावर पाच घ्यावीशी वाटतात.

आगाऊ_बोका
मी डोंबिवलीला असतो. तिसरं कलम माझ्यासाठी घ्या, प्लॅटफॉर्मवर येऊन उभा राहतो, पैसे रोख. जोड बघूनच घेईन हां.